१० महिन्यांचा लॅब वॉकला ओढून नेतोय, चोक चेन घ्यायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ब्रूनो १० महिन्यांचा लॅब (लॅब्राडॉर), घरात एकदम शहाणा, पण खाली नेला की बाबांना अक्षरशः फरफटत नेतो, त्यात परवा बाबांचा खांदा दुखावला, वर गल्लीतली कुत्री दिसली की मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकतो, आणि सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलंय की चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घाला, दोन झटके द्या, आपोआप सरळ होईल. तुम्ही कोथरूडला राहता म्हणजे वाटेत स्कूटर, भाजीच्या गाड्या, गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळ्या सगळं आलंच.

चेन घेऊ नका. का ते पुढे सांगतो, आधी तो ओढतो का ते बघू, कारण तेच कळलं नाही तर कुठलंही साहित्य आणा, दोन महिन्यांत पुन्हा इथेच याल.

कुत्रा ओढतो कारण ओढलं की त्याला जिथे जायचंय तिथे पोचता येतं. बास, एवढंच आहे. त्याला खांबाचा वास घ्यायचाय, तो ओढतो, बाबा मागोमाग जातात, खांब मिळाला. तुमच्याकडे आल्यापासून गेले आठ महिने रोज हेच शिकलाय तो, आणि चांगलं शिकलाय. तो हट्टी नाही, बिघडलेलाही नाही. शिवाय लॅबचं नाक बघा, वास ओळखणारे रिसेप्टर माणसाला साधारण ५० लाख, कुत्र्याला २० कोटींच्या पुढे, त्याच्यासाठी तो खांब म्हणजे आख्ख्या गल्लीची खबर आहे, तो सोडून तो तुमच्या पावलाशी पाऊल जुळवून का चालेल, त्याला त्यात काय मिळतंय? हा प्रश्न स्वतःला विचारला की अर्धं उत्तर सापडतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या घरातली खरी भानगड हीच असणार. ब्रूनोला सकाळी बाबा नेतात, संध्याकाळी तुम्ही, मधे दुपारी तो फिरवायला येणारा मुलगा. बाबा ओढलं की मागे जातात. तुम्ही कधी थांबता, कधी फोनवर असलात की जाऊ देता. तो मुलगा तर बहुतेक पळतच असेल त्याच्याबरोबर. म्हणजे ओढणं कधी चालतं, कधी चालत नाही, आणि कधीतरी चालणारी सवय ही नेहमी चालणाऱ्या सवयीपेक्षा जास्त चिवट असते, स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हे दाखवून कित्येक वर्षं झाली. मटक्याचा नंबर रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणूनच माणूस रोज लावतो ना, तसंच. त्यामुळे पहिलं काम कुत्र्याचं नाही, घरातल्यांचं आहे. संध्याकाळी चहाला सगळे बसा आणि एकच नियम ठरवा: दोरी ताणली की माणूस उभा राहणार, दोरी सैल झाली की माणूस चालणार. कोणीही असो, कितीही घाई असो. त्या दुपारच्या मुलाला पण नीट समजावून सांगा, तो ऐकणार नसेल तर त्याला सरळ सांगा की फक्त खाली नेऊन शी-शू करून वर आण, फिरवू नकोस.

साहित्य. जाळीदार पाठीचं नाही, इंग्रजी वाय आकाराचं हार्नेस (गळ्याऐवजी अंगाला बसणारे पट्टे) घ्या, ज्याचा पट्टा छातीच्या हाडावरून जातो आणि खांदे मोकळे राहतात, आणि ज्याला छातीवर एक आणि पाठीवर एक अशा दोन रिंगा असतात. फक्त पाठीवर रिंग असलेलं हार्नेस घालून नियम न पाळता फिरवलंत तर तो अजून मजेत ओढेल, बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात की. छातीवरच्या रिंगेत लीश (हातात धरायची दोरी) अडकवली की ओढल्यावर त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, त्याची ताकद तिथेच अर्धी होते. बाबांच्या खांद्यासाठी आज करता येण्यासारखी गोष्ट हीच. लीश साधी, कापडी, पाच-सहा फुटी. बटण दाबलं की लांब होणारी गुंडाळीची लीश घरात असेल तर माळ्यावर टाका, ती सतत थोडी ताणलेलीच असते, म्हणजे ओढलं की जास्त दोरी मिळते हे ते यंत्रच त्याला शिकवतं. लोखंडी साखळीही नको, हात कापतो आणि वजनामुळे दोरी सैल आहे का ताणलेली ते तुम्हालाच कळत नाही. आणि लीश बोटांना किंवा मनगटाला गुंडाळून कधीच धरायची नाही, हे बाबांना दोनदा सांगा, २८-३० किलोचा लॅब मांजरामागे सुटला की बोट मोडतं. लूपमधून अंगठा घालून मूठ बंद, दुसरा हात लीशच्या मधे, दोन्ही हात पोटाजवळ.

चोक चेनचं. त्याने ओढणं थांबत नाही का? काही कुत्र्यांचं थांबतं, खोटं कशाला बोलू. पण ते कशामुळे थांबतं, तर दुखतं म्हणून. गळ्यात श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे. आणि नुसत्या साध्या कॉलरने ओढतानाही डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही, हे २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हेट लोकांनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) मोजून दाखवलंय. पण माझा मोठा आक्षेप दुसराच आहे. ब्रूनोला गल्लीतलं कुत्रं दिसलं, तो पुढे झेपावला, गळ्याला झटका बसला. तुम्हाला वाटतं तो शिकला की झेपावू नये. तो शिकला की ते कुत्रं दिसलं की गळा दुखतो. पुढच्या वेळी तो अजून लांबून, अजून जोरात भुंकणार. काट्याच्या कॉलरचं आणि शॉक कॉलरचं तेच. त्या काकांचा पुढचा डायलॉग मला माहितीये, मालक कोण ते दाखवा त्याला. हे अल्फाचं, म्हणजे कळपात मारामारी करून एक जण दादा होतो याचं, खूळ १९४७ च्या एका अभ्यासातून आलं, स्वित्झर्लंडच्या बासल प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवर शेंकेल नावाच्या संशोधकाने केलेला. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी ते सगळीकडे पोचवलं, आणि १९९९ मध्ये त्याच मीच यांनी मोकळ्या जंगलातले लांडगे बघून लिहिलं की कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून राजा व्हायचं प्रकरण तिथे नाहीच. ज्याने ही गोष्ट पसरवली त्याने मागे घेतली, आपल्याकडचे काका अजून घेत नाहीयेत.

आता प्रत्यक्ष करायचं काय. सुरुवात रस्त्यावर नाही, घरात. हॉलमध्ये हार्नेस घाला, लीश लावा, उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे कमरेच्या पाऊचमध्ये. तो तुमच्या डाव्या बाजूला आला, तुमच्याकडे बघितलं, की "येस" म्हणा आणि तुकडा द्या, पण कुठे द्या हे महत्त्वाचं: तुमच्या पँटच्या शिवणीला हात टेकवून, तिथेच. लोक हात पुढे करून देतात, मग कुत्रा पुढे येऊन पायात तडमडतो आणि लोक म्हणतात हा सरळ चालत नाही. जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रा राहतो. एक पाऊल, तुकडा. दोन पावलं, तुकडा. मग पाच. हॉलमध्ये जमलं की पॅसेज, मग जिना, मग पार्किंग, मग गेटच्या आत, आणि मग कुठे रस्ता. ही शिडी कोणी चढत नाही, सगळे थेट रस्त्यावर सुरू करतात आणि चौथ्या दिवशी म्हणतात जमत नाही. वेळ पाच ते सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जास्त नको.

लॅब असल्याचा इथे फायदा घ्या. लॅबना सतत भूक का असते यावर केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये काम केलं, जवळपास चौथ्या हिश्शाच्या लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जीनमधला तुकडाच गायब असतो. म्हणून ते लठ्ठ होतात आणि बहुधा म्हणूनच शिकवायलाही सोपे जातात. पण जेवढे तुकडे वॉकला दिले तेवढं जेवणातून कमी करायचं, नाहीतर सहा महिन्यांनी मला सांध्यांचं विचाराल. पार्ले बिस्किट नको, साखर आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही, विषारी आहेत त्याला.

सगळ्यात अवघड जागा कुठली सांगू, लिफ्ट. लोकांना वाटतं रस्ता. ब्रूनो लिफ्टमध्ये शिरतो तेव्हाच तापलेला असतो, ग्राउंडला दार उघडलं की बंदुकीतून सुटल्यासारखा जातो, आणि पुढचा आख्खा वॉक त्याच तारेत. तर तिथे असं करा: लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात, तुमचं अंग दार आणि त्याच्या मधे. दार उघडलं, तो उठला, तुम्ही हलायचं नाही. दार बंद होऊ द्या. हो, बंद होऊ द्या, कोणी थांबलेलं नसेल तेव्हा. पुन्हा बटण. तो बसला, निदान चारही पाय जमिनीवर आणि हुक खाली लोंबतंय, मग "चल". पहिल्या दिवशी सहा-सात वेळा दार उघड-बंद होईल, वॉचमन बघत बसेल. दुपारी तीनला करा, गर्दी नसते. फ्लॅटच्या दाराला, गेटला हेच. तीन दारं शांतपणे ओलांडलेला कुत्रा रस्त्यावर वेगळाच असतो. (आणि लिफ्टमध्ये कुत्रा आणायचा नाही असं कमिटी म्हणत असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स दाखवा, तशी बंदी घालता येत नाही. पण भांडणात मला ओढू नका, ओढणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.)

हुकाचं बोललो ते नीट सांगतो कारण सैल दोरी म्हणजे काय हे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं. लीशच्या टोकाचं स्टीलचं हुक हार्नेसच्या रिंगेतून सरळ खाली लोंबत असेल तर दोरी सैल. हुक आडवं झालं की ताणली. तुम्ही आख्ख्या कुत्र्याकडे बघू नका, हुकाकडे बघा. हुक आडवं झालं त्या क्षणी थांबायचं, अजून दोन पावलं जाऊन नाही.

थांबल्यावर मागे खेचायचं नाही, ओरडायचं नाही, "ब्रूनो ब्रूनो ब्रूनो" असा जप करायचा नाही. झाडासारखं उभं. तो थोड्या वेळाने मागे वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, हुक खाली आलं, "येस", तुकडा शिवणीजवळ, आणि चला. नुसतं थांबून भागत नाही हं, पुष्कळ लोक थांबतात आणि परत आल्यावर काहीच देत नाहीत, मग कुत्रा वैतागतो आणि लीशच चावायला लागतो. आणि जे त्याला हवं होतं तेच बक्षीस म्हणून द्या. खांबाकडे ओढत होता ना? सैल दोरीने पाच पावलं चाला आणि म्हणा "जा, वास घे". हे चिकनपेक्षा भारी बक्षीस आहे आणि फुकट आहे. मनसोक्त हुंगू द्या, एक-दोन मिनिटं घड्याळ बघू नका. वास घेणं म्हणजे टाइमपास नाही, २० मिनिटं हुंगून आलेला कुत्रा तासभर फरफटत नेलेल्यापेक्षा जास्त शांत झोपतो.

एक ताकीद. पहिल्या आठवड्यात तो ओढणं कमी करायच्या ऐवजी वाढवेल. जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की आधी जोर वाढवून बघतो, लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण जोरात दाबतो ना. बहुतेक घरं इथेच सोडतात, आणि सोडलं की तो शिकतो की जास्त जोरात ओढावं लागतं. त्यात १० महिने म्हणजे वयात आलेलं पोर, दीड वर्षापर्यंत मधेच सगळं विसरल्यासारखं करेल, घाबरू नका, दोन पायऱ्या खाली या आणि पुन्हा चढा.

अंतर विसरा. या महिन्यात तुमचा वॉक गेटपासून तिसऱ्या लाइटच्या खांबापर्यंतच जाईल आणि ते ठीक आहे. मग त्याची दंगा करायची रग कशी जिरवायची, तर त्यासाठी दोन रिंगा. छातीवरची रिंग म्हणजे नियम चालू. रविवारी लवकर, मोकळ्या मैदानात, पाठीवरच्या रिंगेत ३०-४० फुटी दोरी लावून सोडा, तिथे काही नियम नाही, हुंगा, पळा, लोळा. कुत्र्यांना हा फरक चांगला कळतो, आज कुठली रिंग लागली ते. फक्त ही लांब दोरी बाबांच्या हातात द्यायची नाही आणि रस्त्यावर वापरायची नाही. बाबांनी सध्या महिनाभर कंपाऊंडच्या आतच, छातीच्या रिंगेवर, सकाळची शी-शू आणि थोडं हुंगणं. घरी टॉवेलमध्ये जेवण गुंडाळून शोधायला द्या, त्यातही दमतो.

आता गल्लीतली कुत्री, पुण्यात राहून याच्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, परदेशी व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही. आधी त्यांचं समजून घ्या. प्रत्येक टोळीची हद्द असते, बहुतेक वेळा एक कोपरा, एक टपरी, एक पार्क केलेली बंद गाडी. तुम्ही हद्दीत शिरलात की ती भुंकत येतात, हद्द संपली की थांबतात. आठवडाभर ब्रूनोला न घेता तुम्ही एकट्या त्या रस्त्याने जा आणि बघा कोण कुठे बसतं, कोण खायला घालतं आणि किती वाजता, खाण्याच्या वेळी तिथून जायचं नाही. कानाला खाच असलेली कुत्री नसबंदी झालेली असतात, ती सहसा कमी भांडतात. पावसाळा सरता सरता वीणीचा काळ येतो, तेव्हा मारामाऱ्या वाढतात, त्या दिवसांत रस्ता बदला, हट्ट करू नका.

ब्रूनो भुंकतो ते बहुतेक रागाने नाही, जायचंय आणि जाता येत नाही किंवा थोडं घाबरतो म्हणून. यात अंतराला महत्त्व आहे. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, त्याच्या पलीकडे दुसरं कुत्रं दिसलं तर तो बघतो पण खाऊ घेऊ शकतो, अलीकडे आलं की डोकं बंद, चिकन नाकाला लावलं तरी कळत नाही. समजा ब्रूनोचं ते ६० फूट आहे. तर ७० वर थांबा. त्याने कुत्रं बघितलं, त्याच क्षणी "येस", तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. काही दिवसांत तो कुत्रं बघून आपणहून तुमच्याकडे वळेल, माझा तुकडा कुठाय म्हणून. तो वळला की अंतर पाच-दहा फूट कमी करा, एकदम निम्मं नको. आणि कुत्रं दिसल्याबरोबर लीश आवळायची जी सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला असते ती सोडा, आवळली की त्याची छाती वर उचलली जाते, समोरच्याला तो लढायला उभा वाटतो, आणि मग खरंच सुरू होतं. सरळ समोरून जायचं नाही, कमान करून, रस्ता ओलांडून, मधे पार्क केलेल्या गाड्या ठेवून.

टोळी अंगावर आलीच तर पळायचं नाही. ब्रूनोला मागे घ्या, तुम्ही मधे, मूठभर खाऊ त्यांच्या पायाशी नाही तर त्यांच्या मागे फेका, ती वळली की हळू चालत बाजूला व्हा. बाबा काठी नेतात म्हणालात, काठी असू दे, पण उगारायची नाही, एकदा मारलं की ती टोळी बाबांना ओळखून ठेवते आणि रोजचा वैताग होतो. चावलंच, माणसाला की कुत्र्याला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजची लस झालेली असली तरी.

उन्हाचं एक पटकन. हवा २५ अंश असतानाही दुपारचं डांबर ५० पर्यंत जातं, एप्रिलमध्ये तर विचारूच नका. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सातनंतर. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्याची लस झालीये का बघा, आणि वर आल्यावर बोटांच्या मधे आणि कानात गोचिड तपासा.

फटाके, दिवाळीत संध्याकाळी अजिबात नेऊ नका, आणि नेलाच तर हार्नेस आणि कॉलर दोन्हीला वेगळी लीश. कुणी कारवान किंवा मुधोळ (आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्री) पाळला असेल आणि हे वाचत असेल तर त्यांना वेगळं सांगतो, या कुत्र्यांचं डोकं मानेएवढंच निमुळतं असतं, साधी कॉलर मागे सरकून निघते, त्यांना मार्टिंगेल म्हणतात ती थोडीच आवळणारी रुंद कॉलर लागते, आणि बोकड किंवा मांजर दिसलं तर ते खाऊकडे बघणारही नाहीत, त्यांना अंतर दुप्पट ठेवा.

महिना-दीड महिना हे घरातल्या सगळ्यांनी सारखं केलं आणि तरीही कुत्र्यांवर झेपावणं कमी नाही झालं तर आधी व्हेटकडे दाखवा, कान, कंबर, मागचे पाय, दुखत असलेला कुत्रा चिडका असतो आणि लॅबमध्ये हिपचा त्रास याच वयात दिसायला लागतो. त्यानंतर ट्रेनर. ट्रेनरला फोनवर एकच विचारा, कुत्र्याने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, चेन, "दाखवावं लागतं" असं काही आलं तर धन्यवाद म्हणून ठेवून द्या. आणि "एक महिना आमच्याकडे ठेवा, शिकवून देतो" म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. तो तिथे त्या माणसाबरोबर छान चालेल, तुमच्या लिफ्टमधून खाली उतरल्यावर बाबांच्या हातात लीश असेल तेव्हा तो काय करतो ते शिकायला त्याला तुमच्याच लिफ्टमध्ये आणि बाबांबरोबरच शिकावं लागेल, त्यामुळे घरी येणारा ट्रेनर शोधा आणि पहिल्या तासाला बाबांनाही खाली न्या.